टाळूवरचा ठसा

प्रिय साचेबुवा,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. पडू दे. फोन करता आला असता, नंबर आहे माझ्याकडे. गेल्या आठवड्यात तुझ्या वहिनींनी दिला, आणि नंबरासोबत आणखीही बरंच काही सांगितलं. पण फोनवर तू मला दोन मिनिटांत गुंडाळशील, हे मला ठाऊक आहे. बरं आहे, चाललंय, तब्येतीला जप, आणि खट्. पत्राला तसं करता येत नाही. तेव्हा चष्मा लाव, खुर्चीत नीट बस आणि शेवटपर्यंत वाच. मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. हा महिना संपायच्या आत तू एकदा इकडे यायचंस, माझ्या कोपऱ्यातल्या खोलीत. का, तेही सांगणार आहे. पण आधी इकडचं थोडं ऐकून घे, नाहीतर तू कारण वाचून पत्र घडी घालून ठेवशील.

नवी मुलं आली आहेत. दरवर्षीसारखीच, चुणचुणीत आणि उतावळी. वाचा-उपचार शिकायला येतात आणि त्यांना वाटतं, बाराखडी येते म्हणजे आवाज कळतात. पहिल्या दिवशी मी त्यांची बाराखडीच काढून घेते. वह्या बंद, पेनं खाली, बोटं गळ्यावर. आधी नुसता स लांबवा, मग झ. दुसऱ्या वेळी बोटांखाली जी भुणभुण लागते ती गळ्यातल्या पडद्यांची थरथर, पहिल्या वेळी ते पडदे गप्प असतात. मग नाक चिमटीत धरून म लांबवायला लावते. म अर्ध्यातच गुदमरतो, कारण त्याचा सगळा वारा नाकातून जातो. मग ओठांसमोर कागदाची पट्टी. क म्हटलं की जेमतेम हलते, ख म्हटलं की उडते. वर्गभर मुलं नाकं धरून म म करायला लागली की आमचा शिपाई दारातून डोकावतो आणि मान हलवत निघून जातो. त्याच्या मते या कॉलेजात सगळ्यात आधी बाईंनाच तपासून घ्यायला हवं.

परवा मागच्या बाकावरच्या एका मुलीने तोंड वाकडं करून विचारलं, की आम्ही मुलांना बोलतं करायला आलोय, हे गळे चाचपून काय होणार? मला असली पोरं आवडतात. मी तिला एका चार वर्षांच्या मुलाचं सांगितलं. तो काकाला ताता म्हणायचा. घरचे त्याला दिवसभर नीट बोल, नीट बोल म्हणून पिडायचे आणि ते बिचारं जीव तोडून पुन्हा ताताच म्हणायचं. क म्हणायला जिभेचा मागचा भाग वर जावा लागतो, याचा पुढचाच जायचा. पण जीभ असते बंद तोंडात. ती कुठे टेकली ते ऐकणाऱ्याला दिसत नाही आणि बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ते ज्याला कळलं, तोच त्या पोराच्या उपयोगाचा. एवढं सांगून मी दिवे मालवले आणि भिंतीवर तुझा फोटो लावला.

तुझा म्हणजे तुझ्या टाळूचा. हो हो, तोच. अजून आहे. इतक्या वर्षांत इथे केवढी यंत्रं आली, आता हनुवटीखाली एक दांडी धरली की आतली जीभ पडद्यावर हलताना दिसते. पण पहिला तास तुझ्याशिवाय होत नाही. मुलांनी तुझं नाव टाळूकाका ठेवलंय. तुझ्या टाळूवरच्या वळ्या, तो डावीकडचा वाकडा दात, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. तुझा चेहरा मात्र एकानेही पाहिलेला नाही. त्याच मुलीने विचारलं, हे कोण होते? होते म्हणाली. मी तिच्यावर खेकसलेच. बिचारीचा काही दोष नव्हता. नंतर तिला बोलावून चहा पाजला.

तुला आठवतो ना तो दिवस? तू तेव्हा दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचास, आणि आमच्या मोठ्या बाईंनी तुला तोंडांचे प्लॅस्टरचे साचे करायला बोलावलं होतं. मी नुकतीच शिकवायला लागले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. कोळशाची पूड तेलात कालवायची, ती जिभेला फासायची, एकच शब्द बोलायचा आणि तोंडात आरसा सरकवून वर बघायचं. जिथे जीभ टेकली तिथे काळं. कोळसा तोंडात घ्यायला एकही विद्यार्थी तयार होईना. तू दारात बादली घेऊन उभा होतास. म्हणालास, मी रोज लोकांच्या तोंडात हात घालतो, आज तुम्ही माझ्या तोंडात घाला. तू हात म्हणालास, वरच्या दातांमागे काळी कमान उमटली. पाट म्हणालास, कमान थोडी मागे सरकली. मग माळ म्हणालास आणि टाळू कोरी! मला वाटलं, हा बाबा चेष्टा करतोय. माळ, माळ, माळ. कोरीच. माझ्या तोंडचं पाणी पळालं, मी पुस्तकाची पानं उलटतेय, आणि तू काळ्याकुट्ट दातांनी फिदीफिदी हसतोयस. मग कुठे डोक्यात प्रकाश पडला. तुझी जीभ ळ साठी इतकी मागे वळत होती, की टेकत होती ती खालच्या बाजूने. आणि आम्ही शहाण्यांनी कोळसा फासला होता फक्त वरच्या बाजूला.

पुढचं तुला आठवत असलं तरी तू कबूल करणार नाहीस, म्हणून मीच लिहिते. मी जाळीच्या कापडात तुझ्या जिभेचं टोक धरलं, वर उचललं आणि खालून कुंचला फिरवला. तू हसायचा थांबलास. तुझा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. मग तू माळ म्हणालास, मी आरसा सरकवला, आणि टाळूच्या मधोमध नखाएवढा काळा ठसा. इतकी सुरेख गोष्ट मी तोवर पाहिली नव्हती. फोटो काढताना माझा हात हलला, म्हणून त्याची एक कड पुसट आहे. मुलं विचारतात, ही कड अशी का? मी सांगते, थुंकीमुळे. चक्क खोटं सांगते.

आणि ते घड्याळजी आठवतात? अर्धी जीभ काढलेले, पाटीवर लिहून बोलणारे. त्यांची उरलेली जीभ वर पोचेना, तेव्हा तू म्हणालास की जीभ वर जात नाही ना, मग छप्पर खाली आणू. त्यांच्या टाळूला बसेल अशी पातळ पट्टी केलीस आणि तिच्यावर मेण चढवत बसलास. मी डोळे मिटून ऐकायचे, अजून थोडं डावीकडे म्हणायचे, तू मेण तापवायचास. तीन दुपारी आपण तिघं त्या खोलीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडून स्वच्छ त निघाला, आणि तू हात धुवायला म्हणून बाहेर गेलास तो कितीतरी वेळ आलाच नाहीस. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं होतं, की करायचा संसार तर याच्याशी. तुला सांगायचं तेवढं राहून गेलं. तुला कळलं असेल असं धरून चालले.

मग तुझे भाऊ गेले. वहिनी आणि दोन लहान पोरं उघड्यावर, भावाचं दुकान चालवायला तुझ्याशिवाय कोणी नाही, तेव्हा तू साच्यांचं सामान घेऊन तिकडे गेलास. इकडे माझी आई अंथरुणाला. पोरं मोठी होऊ देत, आई बरी होऊ दे, मग बघू, असं आपण म्हणत राहिलो. पोरं मोठी झाली, आपापल्या कामाला लागली. आई बरी न होताच गेली. आणि मग बघू ते तसंच राहिलं. तुझीही पत्रं थांबली, माझीही. भांडलो असतो तर बरं झालं असतं, निदान समेट तरी करता आला असता. आपलं सगळंच समजूतदार. आग लागो त्या समजूतदारपणाला!

तुझा चेहरा मला आता धड आठवत नाही, हे वाचून तुला वाईट वाटेल. पण आवाज आठवतो, अगदी तुकड्या-तुकड्याने आठवतो. तू ब म्हणताना ओठ पुरते मिटायचा नाहीस. र जरा जास्तच घोळवायचास. आणि वाक्य संपलं तरी सूर खाली आणायचा नाहीस, तसाच लोंबकळत ठेवायचास, ऐकणाऱ्याला वाटावं अजून काही सांगायचं आहे. मी ताटकळत बसायचे आणि तू खुशाल प्लॅस्टर कालवायला लागायचास. त्या सुरासाठी मी अजूनही कधीकधी कॉलेजातून लवकर निघत नाही. खोलीत बसून राहते. कोणी येणार नसतं, हे माहीत असतं तरी.

आता ऐक. वहिनींनी मला सगळं सांगितलंय. भावजींना कळलं तर माझ्यावर चिडतील म्हणाल्या, म्हणून तू त्यांच्यावर चिडायचं नाहीस, चिडायचं तर माझ्यावर चीड. जिभेच्या कडेची गाठ, पुढच्या महिन्यातलं ऑपरेशन, डावी बाजू जवळजवळ पूर्ण काढणार, सगळं कळलं. आणि तू डॉक्टरांना काय म्हणालास तेही कळलं. जीव वाचवा, बोलण्याचं काय घेऊन बसलात, मला साचे करायचेत, भाषणं ठोकायची नाहीत. तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या मुलीला तू दारातूनच परत पाठवलंस. आणि आतापासूनच घरात मानेने हो-नाही करतोस, सवय व्हावी म्हणून. वहिनी फोनवर रडत होत्या. मी नाही रडले, मला संताप आला. रडले ती फोन ठेवल्यावर.

म्हणून ऑपरेशनच्या आधी ये. मी तुझ्या वरच्या-खालच्या जबड्याचे साचे घेईन. तुझा प्रत्येक आवाज नोंदवून ठेवीन, हळू बोललेला, ओरडून बोललेला, शिव्यासुद्धा. जखम भरली की पट्टी तूच करशील, मेण तूच चढवशील, मी ऐकेन. तुझी जीभ कुठे टेकत होती ते माझ्याकडे आहे, जगात दुसऱ्या कोणाकडे नाही. ळ परत येईल असं मी म्हणत नाही, मी पेशंटला खोटी आशा दाखवत नाही. पण घरातल्या माणसाला कळण्याइतकं बोलणं बहुतेक येईल. आता खरं काय ते सांगून टाकते. हे सगळं तुझ्या तिथली ती मुलगीही करू शकते. चांगली आहे ती, माझ्याच हाताखाली शिकलेली आहे. साच्यांसाठी, पट्टीसाठी तुला इतक्या लांब यायची काही गरज नाही. मला तू हवा आहेस, म्हणून ये. तुला वाटेल, असलं तोंड घेऊन हिच्यासमोर कसं बसायचं? लाळ गळेल, शब्द सांडतील, निम्मं तिला कळणार नाही. अरे, मी जन्मभर तसलंच बोलणं ऐकत आले, परक्यांचं, पगार घेऊन. आता ते मला माझ्या घरात ऐकायचंय, तुझ्या तोंडून, सकाळी चहाच्या वेळी, दुपारी, कधीही. तोडकंमोडकं बोललास तरी चालेल, पण बोल. गप्प असलेला तू तर इतकी वर्षं होतासच माझ्याजवळ.

न विचारताही तुझीच,
मास्तरीण