कढईतलं जेवण

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी कापूस वेचायला बायका आल्या. त्यांना चहा दिला. मग भाकरी. दुपारी योगीराज आणि त्यांचे वडील सितारामराव बोरीहून मोटारसायकलवर आले. पाणी दिलं, पोहे केले. पोहे खाऊन झाले तरी दोघं उठेनात. तेव्हाच अंदाज आला.

योगीराज लग्न करत आहेत. तीस तारखेला, बोरीतच, दारात मांडव घालून. मुलगी सोनपेठची. अर्पिता नाव. तिचंही हे दुसरंच.

माझ्या राजेश्रीला जाऊन दोन वर्षं झाली. साध्या तापाचं निमित्त. लेकरूबाळही नाही मागे. जावई तरुण आहेत, त्यांची आई आधीच वारलेली. बापलेक हातानं स्वयंपाक करून खातात. कधीतरी हे होणारच होतं. मला सगळं कळतं. "चांगलं झालं" म्हणाले. आवाज बरा निघाला.

पण सितारामराव तेवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, "इहीणबाई, आमच्या घरात बाईमाणूस न्हाई. मांडवातलं जेवण तुमीच ठरवा. तुमी म्हणाल ते व्हईल."

आमचे हे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. नाही कशी म्हणणार?

माझ्या लेकीच्या सवतीच्या लग्नात काय वाढायचं, ते मी ठरवायचं!

११ नोव्हेंबर

योगीराजांची कपबशी धुवायची तशीच ठेवली होती. आज धुतली.

१३ नोव्हेंबर

जेवताना यांनी विषय काढला. "त्या पोरीचं बी लय वाईट झालंय गं. तिचा पहिला —" एवढं म्हणाले आणि मी ताट घेऊन उठले. मला तिचं काही ऐकायचं नाही. मोडलं असेल पहिलं. नांदली नसेल. आजकाल काय, रोज ऐकतो.

हे मागून म्हणाले, "बरं, न्हाई सांगत." नाहीच सांगितलं. त्यांचं हेच बरं आहे, दुसऱ्यांदा कधी म्हणत नाहीत.

भांडी घासताना जेवणाचा विचार केला. कोण येणार? बोरीची भावकी, शेतकरी माणसं, आमटी-भाताला जीव टाकणारी. सोनपेठकडचे पाहुणे. योगीराजांच्या शाळेतले सर-मॅडम. वरण-बट्टी म्हटलं तर बट्टी गार झाली की दगड. वांग्याच्या भाजीला भाकरी पाहिजे आणि एवढ्या भाकऱ्या थापायला बायका कुठून आणायच्या?

खरं म्हणजे उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. येसराची आमटी आणि भात. राजेश्रीच्या लग्नात तेच होतं. येसराचं धान्य आणि मसाला मी घरी भाजला होता, दळलेलं पीठ राजेश्रीनं चाळलं होतं. लग्न आठ दिवसांवर आणि पोरीच्या पापण्यांवर पिठाचा थर! बोरीची माणसं पातेलंभर आमटी प्यायली. अजून कोणी भेटलं की म्हणतात, जेवण म्हणजे पार्वतीबाईच्या मांडवातलं.

तेच परत वाढायचं? त्याच माणसांना?

१५ नोव्हेंबर

योगीराजांचा फोन. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "मामी, एक विचारू का? अर्पिता म्हणत होती, जमलं तर येसराची आमटी ठेवा. साधीच. बाकी काही नसलं तरी चालेल."

मी विचारलं, "तिला काय माहीत येसराचं?"

"असं काय मामी, सगळ्यांनाच माहीत असतंय की."

सगळ्यांना माहीत असतं! योगीराजांनीच सांगितलं असणार, माझ्या पहिल्या लग्नात अशी आमटी होती म्हणून. म्हणजे घर तिला. नवरा तिला. बाथरूमशेजारी राजेश्रीनं लावलेली कढीपत्त्याची झाडं तिला. आता राजेश्रीची आमटीही पाहिजे. अजून ओळख नाही, पाळख नाही, आणि थेट तिथंच हात घातला.

बघते म्हणाले आणि फोन ठेवला. दिवसभर हात कामात नव्हता. दूध उतू गेलं.

१६ नोव्हेंबर

भजी तळायला कढई काढली आणि हातात धरून उभी राहिले.

राजेश्री गेली तेव्हा वर्षभर ही कढई खिळ्याला होती. दिवस झाले, सुतक फिटलं, तरी आमच्यात जवान माणूस गेलं की तळण नाही आणि गोड नाही. माहेरचं कोणी येऊन कढई चढवीपर्यंत नाही. दिवाळी आली तशी गेली. शेजारी करंज्यांचा वास यायचा. कोणी ताट आणून दिलं तर मी पदराखाली झाकून मागच्या मागे गड्याच्या घरी द्यायचे. लोक आग्रह करायचे, "अहो घ्या हो, एका करंजीनं काय होतंय." त्यांचा राग यायचा. कळत नाही का यांना? पण तोंडानं कोणाला सांगणार, की माझी कढई चढलेली नाही?

वर्षश्राद्ध झाल्यावर माझा भाऊ हरिओम तेलाची पिशवी आणि बेसन घेऊन आला. "अक्का, चढव आता." चार भजी तळली. एक खाल्लं. पाण्याबरोबर उतरवलं.

येसर मात्र तेव्हापासून केलं नाही. चाळायला कोण आहे?

१७ नोव्हेंबर

आमटी नाही. ठरलं.

२० नोव्हेंबर

यांच्याबरोबर एसटीनं परभणीला आणि तिथून बोरीला. आचारी बजरंग सितारामरावांच्या ओसरीवर येऊन बसला होता. राजेश्रीच्या लग्नातही तोच होता. मला बघून उठला. त्यानं विचारायच्या आधीच मी सांगायला सुरुवात केली. पुरी, कोफ्त्याची भाजी, कांदाभजी, जिलबी, मसालेभात, मठ्ठा.

बजरंग माझ्या तोंडाकडे बघायला लागला. "मावशी, आन आमटी?"

"आमटी नको."

"मग वरण तरी ठिवा. म्हातारी-कोतारी असत्यात."

"वरणही नको. सगळं आजकालसारखं होऊ द्या. शाळेतले लोक यायचेत."

"म्हंजी समदं कढईतलं," तो हसला. "तेलाचे डबे वाढवा म्हणा मालकाला. मला काय, मी तळतो. पण मावशी, लोक मला शिव्या देतील. म्हणतील, ह्या बजरंग्याला आमटी यायची, आता इसरला काय."

सितारामराव हसले. हेही हसले. मीही हसले थोडी. योगीराज दाराला टेकून उभे होते. नुसतं बघितलं आणि आत गेले.

आत जाऊन पाणी प्यायचं होतं. गेले नाही. राजेश्रीचे डबे अजून तिनं लावले त्याच ओळीत असतील. आणि नसतील तर? दोन्ही बघवणार नव्हतं.

परतताना एसटीत हे म्हणाले, "आमटी ठिवली असती तर काय बिघडत होतं? पोरीनं तोंडानं मागितली."

मी खिडकीतून तुरी बघत होते. मागितली म्हणूनच नाही ठेवली. हे कोणाला सांगता येत नाही, इथं लिहिते. हेवा वाटतो मला तिचा. माझ्या लेकीचं आयुष्य उरलं होतं ते ती जगणार, आणि वर त्याची चवही तिला तीच पाहिजे.

२४ नोव्हेंबर

सोनारानं टाक करून दिला. चांदीची नखाएवढी बाहुली, राजेश्रीच्या नावाची. दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. तो आम्हीच द्यायचा, आमचं माहेर ना! सोनारानं बाहुलीला नाक, डोळे केलेत. माझ्या लेकीचं नाक असं नव्हतं.

२८ नोव्हेंबर

जाऊ नये असं वाटतं. ताप आला तर बरं. नाही येत.

३० नोव्हेंबर, रविवार

लग्न लागलं. जाऊन आले. सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं शांत व्हायचं नाही.

अर्पिता सावळी आहे, बारीक. चष्मा लावते. मी तिच्यात खोट शोधत होते. चालण्यात, बोलण्यात, साडी नेसण्यात. एकही नाही सापडली. तिनं वाकून पाया धरले आणि मला आई म्हणाली. मी टाक तिच्या गळ्यात बांधला. गाठ बसेना. ती मान खाली घालून उभी राहिली, गाठ बसेपर्यंत. माझी लेक तिच्या गळ्यात. काळ्या दोऱ्यात.

योगीराज मधेच एकदा तिच्याकडे बघून हसले. राजेश्रीकडे बघून हसायचे तसेच. ते बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

पंगत बसली. जेवण झकास होतं. पुऱ्या टम्म. शाळेतले लोक दोनदोनदा कोफ्ते मागत होते. बोरीची काही म्हातारी माणसं "आमटी येऊ द्या" म्हणून ओरडली, वाढप्यांनी मठ्ठा नेला. तेवढं सोडलं तर कोणी नाव ठेवलं नाही.

फक्त एकीनं. मुलीकडच्या पंगतीत एक बाई बसली होती, माझ्याच वयाची असेल, विटकं लुगडं, कपाळ मोकळं. ताटात सगळं वाढलेलं आणि ती नुसता भात आणि मठ्ठा खात होती. मसालेभातातली तळलेली वांगीसुद्धा एकेक करून कडेला काढत होती. पुरीला हात नाही, कोफ्त्याला नाही. अर्पिता नवरीच्या पाटावरून उठून दोनदा तिच्याकडे गेली. खाली वाकून काहीतरी बोलली. तिची स्वतःची आई शालू नेसून पलीकडे उभी होती, तिच्याकडे अर्पिता एकदाही नाही गेली.

मला वाटलं, हे मला दाखवायलाच चाललंय. आमटी ठेवली नाही ना, म्हणून आता ताटाला हात लावायचा नाही! माझ्या मांडवात येऊन माझ्या जेवणाला नाव ठेवायचं.

मी जिलबीचं ताट वाढप्याकडून घेतलं आणि स्वतः गेले. "घ्या की. लग्नाचं गोड आहे."

तिनं ताटावर हात आडवा धरला. "नको बाई. भात बरा हाय."

"असं कसं? एका जिलबीनं काय होतंय?" मी म्हणाले आणि तिचा हात बाजूला करून वाढली. दोन वाढल्या. आजूबाजूच्या बायका हसल्या, कोणीतरी म्हणालं, अजून एक वाढा.

ती वर बघून माझ्याकडे नुसती हसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. जिलब्या तशाच राहिल्या. उठताना तिनं ताटाला हात जोडले.

मी जिंकले असं वाटायला पाहिजे होतं.

१ डिसेंबर

सितारामरावांचा फोन. "इहीणबाई, नाव काढलं तुमी." यांना सांगितलं. हे "हं" म्हणाले आणि रानात गेले.

३ डिसेंबर

कापसाची दुसरी वेचणी सुरू. कंबर दुखते.

७ डिसेंबर

योगीराज आणि अर्पिता आले. मानाप्रमाणे ओटी भरली. चहा घेताना मी सहज म्हणून विचारलं, ती नुसता भात खाणारी बाई कोण होती?

"मालनबाई. माझ्या पहिल्या घरच्या सासूबाई," अर्पिता म्हणाली. "त्यांचा एकुलता मुलगा गेला ना, ॲक्सिडेंटमध्ये. तेव्हापासून त्यांच्या घरी कढई चढली नाही, आई. माहेरचं कोणी उरलंच नाही चढवायला." मग जरा थांबून म्हणाली, "आमटी त्यांच्यासाठीच म्हणाले होते मी. पण असू द्या. भात चांगला होता म्हणाल्या."

टाक तिच्या गळ्यात होता. तिच्या नवऱ्याचा टाक कोणी करत नाही.

दोघं गेले. हे रानात. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ निवडून ठेवली. धने, मिरच्या, खोबरं काढलं. कढई खिळ्यालाच राहू दिली. तवा ठेवला आणि येसर भाजायला बसले. थोडं थोडं. तव्यावर वेळ लागतो.