उजव्या चौकटीची घंटी

पनवेल, ३ जुलै १९४९

ती. हदासाताईस,
शालोम आणि सा. न. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नकोस, मी जिवंत आहे. मान खाली घालून लिहिणं आता जमत नाही, म्हणून मी सांगतो आणि अबीगेल लिहिते. मधेमधे ती पदरचं घुसडेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

माझ्या पेन्शनच्या अर्जावर पुण्याच्या लष्करी मेडिकल बोर्डाचा निकाल आला. अभिनंदन कर. माझ्या मानेला काहीही झालेलं नाही, आणि जे झालं आहे ते जन्मापासून आहे. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, एकाच सहीखाली. लढाईत दिमापूरच्या रस्त्यावर लॉरी उलटून मी तिच्याखाली सापडलो, ते बहुतेक जन्माआधी असावं. पुढे लिहितात की अर्जदाराच्या जातीत पिढ्यानपिढ्या डोक्यावरून तेल वाहण्याची चाल असल्याने मणके झिजणं साहजिक आहे. साहेबाला कुणीतरी सांगितलेलं दिसतं की शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात आपल्याला शनिवार तेली म्हणतात. आपले आजोबा शाळामास्तर आणि बाबा मोजणी खात्यात कारकून. बाबांनी डोक्यावर टोपीखेरीज काही वाहिल्याचं मला आठवत नाही, आणि तीही धड राहत नसे.

पण खरा घोटाळा माझ्याच हातून झाला. डॉक्टरांच्या दाराच्या उजव्या चौकटीला, बरोब्बर आपल्या मेझुझाच्या उंचीवर, एक लांबट पांढरी पेटी होती. वर तिरकी ठोकलेली. माझा हात आपसूक वर गेला, मान वळली, बोटं पेटीला टेकली आणि ओठांना लागली. ती निघाली विजेची घंटी. शिपाई धावत आला. डॉक्टरांनी लगेच लिहून घेतलं की अर्जदार उजवा हात खांद्याच्या वर सहज नेतो, मान वळवतो आणि चेहऱ्यावर वेदनेची खूण नाही. आपण येता-जाता दारावरच्या मेझुझाला, त्यातल्या देवाच्या वचनांना हात लावून बोटं ओठांशी नेतो, हे त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मी त्याच्या घंटीचा मुका घेतला होता. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तोंड वाकडं करायची सवय फौजेने मोडली आहे.

आता एकच अपील उरलं आहे. ते फेटाळलं की मान माझी, दुखणं माझं, आणि लॉरी कुणाचीच नाही. भातगिरणीतलं लिहिण्याचं काम गेलंच आहे, घर अबीगेलच्या शिवणयंत्रावर चाललंय. तरी खरं सांगू, मला हवंय ते एवढंच की सरकारने लिहून द्यावं, ही मान लढाईत मोडली.

लोभ आहेच. त्याला दर वर्षी बोर्डापुढे उभं करू नये ही विनंती.

तुझा,
राफेल

ता. क. वन्सं, पुण्याहून आल्यापासून हे आठवडाभर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत होते. हे वाक्य यांनी सांगितलेलं नाही. — अबीगेल

ठाणे, ७ जुलै १९४९

चि. राफेल यास अनेक आशीर्वाद.

सरकारी घंटीचा मुका घेणारा आपल्या घराण्यातला तू पहिलाच. बाबा असते तर त्यांनी टोपी काढून तुला नमस्कार केला असता, नाहीतरी ती निघालेलीच असायची.

तुला कण्हायला काय झालं होतं रे? दुधाचा दात पडला तेव्हा अख्खी आळी गोळा केली होतीस. अजून चहा निवला तर घर डोक्यावर घेतोस, आणि मणका मोडलाय तिथे पुतळ्यासारखा उभा! या खेपेला जरा विव्हळ. खोटं नव्हे, खरंच दुखतं तेवढं विव्हळ. आणि अबीगेलला बरोबर घेऊन जा, म्हणजे चौकट दिसली की ती तुझा हात धरून ठेवील.

दुसरं म्हणजे घरचा मेझुझा वीतभर खाली घे, म्हणजे हात फार उचलावा लागणार नाही. आनंदा सुतार काय पनवेल सोडून गेला? मेझुझा खाली आला म्हणून देवाला काही कमी ऐकू येत नाही.

थट्टा करते आहे, पण तुझं पत्र आलं त्या दिवशी शाळेत एकाही मुलीला रागावले नाही, यावरून काय ते समज. तुझ्या लेकीला, तमारला पापा.

आशीर्वाद आहेतच, वापरून संपव.

तुझी ताई,
हदासा

पनवेल, १४ ऑगस्ट १९४९

ती. ताईस सा. न. वि. वि.

अपिलाची तारीख आली. प्रवासासाठी सरकारने मेहेरबानी करून रेल्वेचा पास पाठवला आहे, पनवेल ते पुणे. पनवेलला रेल्वे आली की निघतो. तोवर एस्टीने जाऊ, घाटातल्या वळणांवर मानेची तपासणी आपोआप होईल.

करंजाड्याची गंगाबाई मान चोळायला येते. तिचं म्हणणं असं की आमी काय डाक्टर नाय, पन हे हाड मोडलेलं हाय ते आमच्या आंगठ्याला कळतं. तिला बोर्डावर घेतलं तर बरं होईल.

विव्हळण्याचा सराव केला. तमार इतकी हसली की सोडून दिला. मला ते जमायचं नाही, ताई. दुखतं म्हणून नाटक करायचं आणि पुढे खरं दुखलं तरी आपलाच आपल्यावर विश्वास बसायचा नाही.

मेझुझा खाली घ्यायला अबीगेल तयार नाही. कारण विचारलं तर शिवणयंत्र जोरात चालवते.

लोभाला रेल्वे लागत नाही, तो पाठवावा.

राफेल

पनवेल, ४ सप्टेंबर १९४९

ती. ताईस सा. न. वि. वि.

जाऊन आलो. तुझी सगळी शिकवण पाण्यात गेली.

तीच खोली, तीच चौकट, तीच पांढरी पेटी. मनात घोकत होतो की ती घंटी आहे, घंटी आहे, आणि हात निघालाच. छातीपर्यंत गेला आणि घरी अडकतो तसा अडकला; मागच्या खेपेला एका झटक्यात वर कसा गेला, देव जाणे. मग अबीगेल पुढे झाली. हात धरून ठेवायला तू तिला पाठवलं होतंस ना? तिने घरी रोज करते तसं केलं. पेटीला हात लावला आणि आपली बोटं माझ्या ओठांना टेकवली. घंटी वाजली. तोच शिपाई धावत आला. तीन डॉक्टर आमच्याकडे बघत राहिले. लॉरीखाली होतो तेव्हाही मला इतकी लाज वाटली नव्हती.

मधल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी हा काय प्रकार म्हणून विचारलं. हिनेच मेझुझाचं सगळं समजावलं. त्यांनी विचारलं की हे तुम्ही का करता बाई, यांना हात नाही का. तेव्हा ही म्हणाली की लढाईआधी हे स्वतः तर करतच, शिवाय तमारला उचलून तिचाही हात वर पोचवत. लढाईवरून घरी आले त्या संध्याकाळी उंबऱ्यावर थबकले, हात अर्ध्यावरच राहिला. ट्रंक जड आहे म्हणाले. ट्रंक तर टांगेवाल्या शिवाच्या डोक्यावर होती. तेव्हापासून मीच करते.

ताई, इतकी वर्षं मी समजत होतो की ट्रंकेची थाप तिला पटली. तिने कधी अवाक्षर काढलं नाही. मी खुर्चीत बसलो आणि मला रडू आलं, तिघांसमोर. विव्हळणं राहूनच गेलं.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी हात कुठे अडकतो ते स्वतः धरून पाहिलं. मग मागचा निकाल मागवून तेलाची हकीकत वाचली आणि तोंड वाकडं केलं. त्यांना ती परवानगी असावी. निकाल टपालाने येईल म्हणाले.

लोभ ठेव. आज थट्टा सुचत नाही.

राफेल

ठाणे, ८ सप्टेंबर १९४९

चि. राफेल आणि चि. सौ. अबीगेल यांस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मग शाळेत जाऊन मुलींना उगाचच सुट्टी दिली.

राफेल, तुला बायको समजली नाही, तर बोर्डाला तुझी मान कशी समजणार? निकाल काहीही येवो, ते अपील तू त्या उंबऱ्यावरच जिंकला होतास, आणि तुला कुणी कळवलं नव्हतं. पण माझं एक ऐक. आता सगळं उघड झालंच आहे, तर आनंदाला बोलाव आणि मेझुझा खाली घे. त्या पोरीला किती दिवस दारात उभी करणार?

माया आहे, ती दोघांत सारखी वाटून घ्या.

हदासा

पनवेल, १६ ऑक्टोबर १९४९

ती. ताईस सा. न. वि. वि.

मंजूर! कागदावर स्वच्छ लिहिलंय की ही इजा लष्करी सेवेत झाली. लॉरीला अखेर मालक मिळाला. तेलाचा उल्लेख नाही. दोन वर्षांनी मान पुन्हा तपासणार आहेत, तोवर ती तरुण झाली तर कळवायला सांगितलंय. अबीगेलकडून तो कागद मी तीनदा वाचून घेतला आणि चौथ्यांदा तमारकडून.

तुझ्या आज्ञेप्रमाणे आनंदाला बोलावलं. त्याने माप घेतलं, हातोडी काढली, आणि ही दार अडवून उभी राहिली. हटेचना. शेवटी आनंदा चहा पिऊन गेला. कारण मला सांगत नाही, तुलाच विचार.

लोभ होता तिथेच असू दे, मेझुझासारखा.

तुझा,
राफेल

ता. क. वन्सं, मेझुझा खाली आला तर यांचा हात पोचेल. मग दिवसातून इतक्या वेळा यांच्या तोंडाला हात लावायला मला दुसरं निमित्त कुठलं? हे वाक्यही यांनी सांगितलेलं नाही. — अबीगेल