सायकलमागच्या गाडीचं दुसरं पान

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं बरं आहे, एक माझी पाठ सोडून. शिवलेल्या वह्यांचे गठ्ठे शाळांना पोचवायचे तर सायकलच्या कॅरियरवर दोन मावतात, तिसरा पाठीवर. म्हणून सायकलमागे ओढायची गाडी घरीच करायला घेतली आहे. मोडक्या खाटेची चौकट, भंगारातली दोन लहान चाकं आणि वर प्लायवूड.

खरी बातमी पुढेच आहे. बाबांनी मला त्यांचा तो लोखंड आवळून धरायचा व्हाइस वापरू दिला. रोज चहा झाला की आम्ही मागच्या पडवीत बसतो; ते नळी धरतात, मी करवत चालवते. काल म्हणाले, तुझा हात सरळ चालतो. दिवसभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

आता अडलंय ते जोडावर. गाडीचा दांडा सायकलला अडकवायचा कसा? बाबा म्हणतात, मध्ये रबरी नळीचा तुकडा घालू. पण लगेच म्हणतात, आपण लेथवर आयुष्य काढलं, हे काम फिटरचं, दादाला विचार. तेव्हा लवकर कळव. वहिनीला नमस्कार.

लोभ आहेच, उत्तराच्या घाईत तो विसरू नये.

तुझी
धाकटी

१० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. गाडीचं कौतुक वाटलं. व्हाइसचं वाचून मात्र पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू. बारा वर्षांचा असताना मी त्या व्हाइसचा दांडा नुसता फिरवून पाहिला, तर बाबांनी कान धरून मला पडवीबाहेर काढलं होतं. पुढे मी फिटर झालो, मोठमोठी यंत्रं बसवली. हात सरळ चालतो असं मला कधी कोणी म्हटलं नाही. तू सुईदोऱ्याची बाई, आणि तुझ्यासाठी ते नळी धरून बसतात. वहिनी म्हणते, या वयात बहिणीवर काय जळायचं. तिला बोलायला काय जातं, ती एकुलती एक.

जोडाचं म्हणशील तर रबराच्या भानगडीत पडू नकोस. सीटखालच्या नळीला लोखंडी पट्टी आवळ आणि दांड्याच्या टोकात एक उभा बोल्ट घाल. डावी-उजवीकडे वळलं की झालं, बाकी जरासुद्धा हलता कामा नये.

लोभ असू दे, आणि बाबांचा सगळा एकटीने घेऊ नकोस.

तुझा
दादा

२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहिते आहे. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. सहा गठ्ठे घालून निघाले होते. सरळ रस्त्यावर गाडी छान आली. पाण्याच्या टाकीपाशी वळताना सायकल कलली, गाडी काही कलेना. तिचं एक चाक उचललं गेलं आणि आम्ही दोघी गटारात. वह्या तर गेल्याच.

तुझं पत्र आल्यापासून बाबांनी रबराचं नाव काढलं नव्हतं. परवा ते पत्र मागून घेतलं, पुन्हा वाचलं, कागद उलटा करून पाहिला, पाकिटात डोकावले. म्हणाले, दादा इतकं अर्धवट लिहिणार नाही, दुसरं पान होतं, ते तू हरवलंस. मला एका हाताने सगळी रद्दी उपसायला लावली. ते पान येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही म्हणतात. तेवढं पुन्हा लिहून पाठव.

लोभ असावा, आणि या खेपेला तो पूर्ण पानांचा असावा.

तुझी
धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हे पत्र बाबांनाही वाचायला दे. पान हरवलेलं नाही, मी ते लिहिलंच नव्हतं. सायकल वळताना कलते, दोन चाकांची गाडी कलत नाही, म्हणून जोड सगळ्या अंगांनी वाकावा लागतो. हे मला झोपेतही सांगता येईल. बाबांचं रबर बरोबर होतं. मागच्या चाकाच्या आसाजवळ वीतभर लांबीची जाड रबरी नळी, दोन्ही टोकांना बोल्ट, बस.

गाडी अडावी आणि बाबांनी मला बोलावून घ्यावं, एवढ्यासाठी मी चुकीचं लिहिलं. तू पडशील हे मनात आलं नव्हतं असं म्हणालो असतो, पण आलं होतं. म्हटलं, पडेल थोडीशी. धाकटे, मला माफ कर. बाबा काय बोलायचं ते बोलोत.

आज लोभ मागायला तोंड नाही.

दादा

१७ मार्च

ती. दादास,
न. वि. वि.

पत्र मी आधी वाचलं आणि रागाने थेट बाबांच्या हातात ठेवलं. तिथेच उभी राहिले. आता दादाची कशी जिरते ते मला डोळ्यांनी पाहायचं होतं.

त्यांनी चष्मा पुसून सावकाश वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. डोळे भरले होते. म्हणाले, बघ, तुला बोल लागू नये म्हणून त्याने सगळं स्वतःवर ओढून घेतलं. मग हळूच विचारलं, आता तरी सांग, ते पान तूच टाकलंस ना?

मी ओरडले, रडले, पत्रातल्या ओळी बोट ठेवून दाखवल्या. ऐकायचं नावच नाही. बाबांनी ते शेजारच्या घड्याळवाल्यांनाही वाचून दाखवलं. रबर बसवलंय, गाडी सुरेख वळते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगतात की जोड दादाचा आहे. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

मनगटाची माफी तुला दिली, ते महिन्याभरात बरं होईल. पण इतके दिवस त्यांच्याजवळ बसून नळ्या मी कापल्या, आणि शर्ट बदलला की ते आधी तुझं पत्र नव्या खिशात घालतात. त्याची माफी मला देता येत नाही.

लोभ आहे, फक्त सध्या तो तुझ्याशी बोलत नाही.

तुझी
धाकटी