वाकड्या दाताचा साचा

२ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,
मुंगीचा शि. सा. न. वि. वि.

मामीला आधी सांगा की मी वेळेवर जेवते आणि तिने विणलेला स्वेटर घालते. तो गुडघ्यापर्यंत येतो, पण घालते.

मोठी बातमी म्हणजे माझ्या संशोधनाचा विषय मंजूर झाला. फुंकून वाजवायची वाद्यं वाजवणाऱ्यांचे दात! आमच्या विभागाच्या मॅडम मोजकं बोलतात आणि त्याहून मोजकं हसतात. त्यांनी विचारलं, की हे खूळ डोक्यात आलं कुठून. मी सांगितलं, आई इस्पितळात पाळ्या करायची म्हणून मी मामांकडे वाढले. त्यांच्या क्लॅरिनेटच्या माउथपीसवर वरच्या दाताने पाडलेली खळी मी रोज बघायचे. दात जर एवढ्या कडक माउथपीसला झिजवतो, तर माउथपीस दाताचं काय करत असेल, हा प्रश्न मला आठवीपासून पडलाय. मॅडम म्हणाल्या, मग इतकी वर्षं थांबलीस कशाला, लाग कामाला.

तर आता मला वादक हवेत. प्रत्येकाच्या दातांचा प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, हिरड्या तपासायच्या आणि वाजवताना दातांवर किती दाब येतो ते मोजायचं. पहिला मान तुमचा. कधी येताय?

आणि एक विचारू? मागच्या खेपेला तुम्ही टोस्ट चहात इतका वेळ धरलात की तो कपाच्या तळाशीच गेला. एरवी तुम्हाला कडक टोस्ट लागायचा. दात दुखतात का?

उत्तर लवकर द्या. माझ्यावर माया आहे तेवढी असू द्या, थोडी जास्त झाली तरी चालेल.

तुमची
मुंगी

•

१५ फेब्रुवारी

चि. मुंगी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून ऊर भरून आला. मामीने ते शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्या वेळी तर तुझ्या मॅडमचा आवाजही काढला. दात कोरून पोट भरत नाही, असं माझे वडील म्हणायचे. नातीने त्यांना खोटं पाडलं!

माझ्या दातांची काळजी सोड. टोस्टचं म्हणशील, तर तो तुझ्या मामीने भाजला होता. तो बुडवला नाही तर सुतार बोलवावा लागतो. सध्या शिकवणीला विद्यार्थी वाढलेत, नाट्यगृहाच्या वाद्यवृंदाच्या तालमींनाही जायला सवड होत नाही. तुझ्याकडे यायचं म्हणजे सबंध दिवस मोडतो. आमचा ट्रम्पेटवाला आणि बासरीवाली दोघं तयार आहेत, त्यांना पाठवतो. त्यांचे दात माझ्यापेक्षा देखणे आहेत, तुझ्या संशोधनाला शोभतील.

अभ्यासात डोळे फोडून घेऊ नकोस. आमचा जीव तुझ्यात अडकलेला आहे, हे लक्षात असू दे.

तुझा
मामा

•

२० फेब्रुवारी

चि. मुंगीस मामीचे आशीर्वाद.

टोस्ट मी भाजला नव्हता, विकतचा होता. तिथूनच सुरुवात करते, म्हणजे बाकीचं किती खरं असेल ते तुझं तुला कळेल.

विद्यार्थी वाढलेले नाहीत. वाद्यवृंदातून ह्यांनी रजा घेतलीये आणि कारण सांगितलंय पाठदुखीचं. खरं कारण वरचे पटाशीचे दोन दात. हलतात गं ते. सकाळी चूळ भरली की पाणी लाल येतं. वाजवायला बसलं की दात माउथपीसवर ठरत नाहीत, सूर घसरतो, दुखतं ते निराळंच. एकदा भर तालमीत तसं झालं. सगळे गप्प झाले म्हणे. घरी आले, क्लॅरिनेट पुसलं, पेटीत घातलं आणि पेटी कपाटावर टाकली. तेव्हापासून विद्यार्थ्यांना गाऊन शिकवतात, आणि हे गातात कसे ते तुला ठाऊक आहे.

मी म्हटलं, घरात दातांची डॉक्टर आहे, तिला दाखवा. तर म्हणाले, की ती बघेल आणि खरं सांगेल. दात काढावा लागेल म्हणाली की वाजवणं संपलं. जोवर कुणी बघत नाही तोवर ते संपलेलं नाही. आता ह्याला काय म्हणावं! रागावायचं तरी कुणावर, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. नाहीतर, कळू दे. घरात इतकी शांतता मला सोसत नाही. तुला सुचेल ते कर.

तुझ्या भरवशावर असलेली
मामी

•

२७ फेब्रुवारी

ती. मामांस,
मुंगीचा शि. सा. न. वि. वि.

मामीने मला सगळं लिहिलं. मी ते लपवणार नाही आणि तुम्ही तिच्यावर रागवायचं नाही.

तुमचे ट्रम्पेटवाले येऊन गेले. त्यांच्याही हिरड्या सुजलेल्या होत्या, त्यांना पत्ताच नव्हता. हा आजार असाच चोरपावलांनी येतो. फारसा दुखत नाही आणि आतून दाताखालचं हाड खात जातो. ते वेळेत आले, त्यांचे दात राहतील. जाताना म्हणाले, की तुमच्या मामांचे उपकार आहेत, त्यांनीच बळे पाठवलं. मामा, दुसऱ्याचे दात वाचवता आणि स्वतःचे झाकून ठेवता?

तुमचं काय होईल ते मला न बघता सांगता येणार नाही. पण एवढं नक्की, की थांबलात तर शेजारचे दातही जातील.

मी पाचवीत होते तेव्हा मला एक वाक्य धड बोलता यायचं नाही. वर्गात बाईंनी उभं केलं की पहिल्याच अक्षरावर अडकायचे. तुम्ही रोज संध्याकाळी मला शेजारी बसवायचात. आधी श्वास, मग शब्द, असं शिकवायचात. कधी हसला नाहीत, कधी घाई केली नाहीत, वाक्य माझ्यासाठी पुरं केलं नाहीत. आज मी भरल्या सभागृहात उभी राहून बोलते. तेव्हा मीही तोंड उघडायला घाबरत होते, मामा. आता तुमची पाळी आहे, आणि मीही घाई करणार नाही.

नात्यातल्या माणसाला मी तपासायचं नाही असा आमचा नियम आहे, म्हणून मॅडम तपासतील. मी नुसती बाजूला उभी असेन. या.

वाट बघणारी
मुंगी

•

१९ मार्च

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. तुझ्यासमोर बोलता आलं नाही ते लिहितो.

त्या खुर्चीत बसलो आणि खरोखरच दातखीळ बसली. पण तुझ्या मॅडमनी तोंड उघडा असं म्हटलंच नाही. म्हणाल्या, आधी वाजवा. दाब मोजायची ती पातळ पट्टी त्यांनी माउथपीसवर चिकटवली. मी दोन सूर काढले, तिसरा फुटला, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. तू खिडकीकडे तोंड केलंस ते मी पाहिलं. मॅडम मात्र मान खाली घालून आकडे लिहीत राहिल्या. लिहिण्यासारखं एवढं काही नसणार. मला सावरायला वेळ देत होत्या. त्या कमी हसत असतील, पण बाई फार भली आहे.

उजवीकडचा, म्हणजे तो वाकडा दात ठेवण्यासारखा नाही, डावीकडचा वाचेल, असं त्यांनी सांगितलं. ज्या वाक्याला इतके दिवस घाबरत होतो ते ऐकून झालं, आणि खोटं कशाला सांगू, हलकं वाटलं. बसमध्ये मी झोपलो. मामी म्हणते घोरलोसुद्धा.

फक्त एक सल राहिलाय. मॅडम म्हणाल्या, की वाकडा दात जातोच आहे तर नवा छान सरळ बसवू. मामी खूश आहे, तिला म्हातारपणी देखणा नवरा मिळणार. पण माझा सूर जन्मभर त्या वाकडेपणाला टेकून उभा राहिलाय. त्यांच्यासमोर बोलायला जीभ रेटली नाही.

आता भाची म्हणून नको, डॉक्टर म्हणून सांग. मी परत वाजवीन का?

आशीर्वादांखेरीज द्यायला काही नसलेला
मामा

•

२६ मार्च

ती. मामांस,
मुंगीचा शि. सा. न. वि. वि.

डॉक्टर म्हणून उत्तर असं, की मला माहीत नाही. पण भाची गप्प बसली नाही.

आमच्याकडे आलेल्या वादकांपैकी दोघांनी पूर्वी दुसरीकडे पुढचे दात बसवून घेतले होते. दात अगदी जाहिरातीतले, आणि वाजवणं दोघांचंही सुटलं. एकजण आता झांजा वाजवतात आणि त्याबद्दल बोलायचं टाळतात. मी त्या दोघांची मापं आणि तुमच्या दाबाचे आकडे मॅडमसमोर ठेवले. तुमचा सगळा भार त्या वाकड्या दाताच्या कडेवर पडतो, हे आकड्यांत स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, नवा दात सरळ नको. त्या दिवशी तुमच्या दातांचा घेतला त्या साच्यावरून हुबेहूब करू, तोच बाक, तीच लांबी, तीच झिजलेली कड.

मॅडमनी साचा हातात घेऊन त्या झिजलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही. माझा चेहरा पडला असणार, कारण लगेच पुढे म्हणाल्या, की पण करून बघायला एवढं कारण पुरतं. रुग्णाला सगळं सांग आणि त्याची मर्जी विचार.

म्हणून विचारते. आधी हिरड्यांच्या आतून सफाई, हिरडी बधिर करून. मग उजवा दात काढायचा. डावा मागून बारीक तारेने शेजाऱ्यांना बांधायचा, म्हणजे तो हलणार नाही. उजव्या जागी आधी कच्चा दात बसेल. तो घेऊन वाजवून बघायचं, जमलं तरच पक्का. हा प्रयोग आहे मामा, फसूही शकतो. फसला तर सरळ दाताचा रस्ता उघडा आहे.

आणि ब्रश मऊ घ्या. तुम्ही दात घासता ते जळलेलं पातेलं घासल्यासारखं घासता, मी लहानपणापासून बघतेय.

तुमचा होकार आला तरी तुमचीच, नकार आला तरी तुमचीच,
मुंगी

•

१२ जुलै

चि. मुंगीस मामाचे पोटभर आशीर्वाद.

पक्का दात बसवून आलो त्याला आता बरेच दिवस झाले. मामी रोज म्हणत होती पत्र लिहा, मी म्हणत होतो आधी सांगण्यासारखं काही होऊ दे. ते झालंय.

सुरुवात वाईट होती. कच्चा दात बसवला तेव्हा जीभ त्याच्यावरून फिरली आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखी थांबली. पण ओठ रुसलेले. पहिला आठवडा असा आवाज निघत होता की समोरच्या शिंप्याने विचारलं, बोकड पाळलाय का. मामीने खिडक्या लावून घेतल्या. मग एका दुपारी तिने काही न बोलता त्या उघडल्या, तेव्हा मला कळलं की जमतंय.

खालचे आणि मधले सूर आले. अगदी वरचे अजून फाटतात, ते बहुधा फाटतच राहतील. वाद्यवृंदातली पहिली खुर्ची, मुख्य सुरावट वाजवणाऱ्याची, मी आपणहून सोडली. तिथे माझीच जुनी विद्यार्थिनी बसते, मी तिच्या शेजारी दुसरीवर. वाईट वाटलं का? वाटलं. पण शनिवारी कार्यक्रमात ती वर चढली आणि मी तिला खालून धरून ठेवलं, तेव्हा ध्यानात आलं की इतकी वर्षं कुणीतरी मलाही असंच धरलं होतं आणि मी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. तो दुसऱ्या खुर्चीवरचा म्हातारा निवृत्त होऊन बाजारापलीकडे राहतो. रविवारी त्याच्या घरी जाऊन आलो. त्याला कारण कळलं नाही, पण चहा दोनदा झाला.

मॅडमना वेगळं पत्र लिहिलंय. आभार मानायला शब्द जुळेनात. शेवटी मामी म्हणाली, ‘वाजवतोय’ एवढंच लिहा, त्यांना पुरेल. तेवढंच लिहिलं. आणि मामीने माझी चहाडी केली, त्याबद्दल तिचेही आभार मानले. ती म्हणते, पुढच्या वेळी आणखी लवकर करीन.

आता तुझं. आपल्यात उपकार फेडणं वगैरे चालत नाही, ठाऊक आहे. पण दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे मॅडमचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या शिकवणीला अकरा जण येतात. सगळ्यांचे दात आज धडधाकट आहेत, म्हणजे साचा घ्यायची वेळ हीच. उद्या कुणाचा दात मोडला, पडला, तर त्याला परक्याचा देखणा दात नको, स्वतःचा मिळावा. आईबापांशी बोललोय, सगळे राजी आहेत. येत्या शनिवारी सकाळच्या बसने त्यांना घेऊन निघतो. ब्रश मऊ असावा हेही शिकवलंय, मीच करून दाखवलं.

तेव्हा मॅडमना विचारून ठेव, की एका दिवसात अकरा तोंडं चालतील का. माझं धरून बारा.

तुझ्याकडे यायला आता मुळीच न घाबरणारा
मामा