बावन्न हजारांतलं पुणं

३ मार्च
या महिनाअखेर रिटायर. एप्रिलअखेर वालचंदनगरचं क्वार्टर सोडायचं. काळजी शून्य. मिहिरला पुण्यात हातात बावन्न हजार पडतात. त्याला टू-बीएचके बघायला सांगितलं, आम्ही दोघं येतोय म्हणून. "बघतो, बाबा," म्हणाला. म्हणजे शोधायला लागलासुद्धा असेल.

५ मार्च
हिशेब केला. भाडं वीस, किराणा आठ, प्रवास तीन. एकवीस हजार शिल्लक! शिवाय दर महिन्याला घरी दहा पाठवतो. उरत असल्याशिवाय कोण पाठवतं? श्यामला म्हणाली, "त्याला विचारा तरी." विचारायचं काय? मी याच्या निम्म्यात संसार केला. (घर आणि पाणी कंपनीचं होतं, असं ती म्हणाली. तो मुद्दा वेगळा.)

१४ मार्च
शेळगावच्या सर्जेरावांचा फोन. आमच्या कॅन्टीनला दूध घालायचे, तेव्हापासूनची दोस्ती. "नीळकंठराव, मळ्यातल्या दोन खोल्या मोकळ्याच हायती. भाडं न्हाय मागत. हितंच या." आम्ही पुण्याला चाललो, असं सांगितलं. मोठ्या पगाराची त्यांना काय कल्पना?

१९ मार्च
मिहिर विचारतोय, बारामतीत एमआयडीसीत सव्वीस हजारांची नोकरी आहे, घेऊ का? एकत्र राहता येईल म्हणे. मी चिडलो. बावन्न सोडून सव्वीस? इंजिनिअर आहेस ना? कामाचा ताण असणार. विश्रांती घे म्हटलं.

३१ मार्च
निरोपसमारंभ. भाषणात "मुलानं फ्लॅट घेतलाय" असं निघून गेलं. घेणारच आहे. टाळ्या चांगल्या पडल्या.

६ एप्रिल, पुणे
सरप्राइज म्हणून न कळवता आलो. दार भलत्याच मुलानं उघडलं. तीन खोल्यांत आठजण. मिहिरच्या वाट्याला एक कॉट. दोरीवर त्याचे दोन शर्ट. मिहिर ऑफिसमधून आला आणि मला बघून घाबरला. "आई बरी आहे ना?"

मग सांगितलं. खोलीचा वाटा, डबा, बाइकचा हप्ता, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता, घरचे दहा. "टू-बीएचकेला दीड लाख डिपॉझिट मागतात, बाबा. तुम्हाला कुठं ठेवू?" मी म्हणालो, प्लॅनिंग हवं. त्यानं कॉटवरची चादर झटकली.

मी कॉटवर झोपलो, तो खाली. फरशी गार असते, बरं वाटतं, म्हणाला.

७ एप्रिल
घरी. श्यामलानं विचारलं, घर कसं आहे? उजेड चांगला येतो, म्हणालो. "आणि तो?" मी चहा मागितला.

चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मला दिवाळीपासून माहीत आहे. तुम्हाला सांगू नको म्हणाला. बाबांना कॉलनीत सांगायला काहीतरी हवं, म्हणाला."

चहा घेतला नाही.

१० एप्रिल
सर्जेरावांना फोन लावला. वाक्यं जुळवून ठेवली होती: तात्पुरतंच आहे, फ्लॅटचं काम अडलंय वगैरे. त्यांनी बोलूच दिलं नाही. "टेम्पो कवा धाडू, एवढंच सांगा."

संध्याकाळी मिहिरला फोन. बारामतीच्या नोकरीचं काय झालं, विचारलं. ती जागा मागंच भरली म्हणाला. यापुढं दहा हजार पाठवू नकोस, म्हटलं. बरं म्हणाला. जेवलास का, विचारलं.

"हो, बाबा."

फार लगेच म्हणाला.