हिरव्या भिंतीमागचं

प्रिय ठकू,

दोनदा तुला फोन लावला आणि दोन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला. शेवटी तुझी आई म्हणाली, लिहून काढा, कागदापुढे तरी तुमची बोबडी वळणार नाही. तीही हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलते. का, ते कळेलच.

तुमच्या पर्यावरण परिषदेच्या स्टेजचं काम मला मिळावं म्हणून तू ऑफिसात सगळ्यांशी भांडलीस, हे तुझ्या साहेबांनीच मला सांगितलं. वडील म्हणून नाही, काम चोख असतं म्हणून, असं म्हणालीस म्हणे. ऐकून मी दोन दिवस हवेत होतो. जन्मभर मी स्टेज उभे केले आणि त्यातलं निम्मं सामान दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकलं. लहानपणी त्याच थर्माकोलच्या कमानींवर तू घसरगुंडी खेळायचीस, आणि मोठी होऊन त्यांच्याविरुद्ध भाषणं द्यायला लागलीस. ज्या धंद्यावर शिकली त्यालाच नावं ठेवते, म्हणून मी कुरकुरायचो. पण या वेळी तू समोर बसून समजावलंस. मागे फ्लेक्स नको, जिवंत रोपांची भिंत करू. नर्सरीतून रोपं भाड्याने आणायची, कुंडीसकट मांडायची, परिषद संपली की परत. फेकायचं काहीच नाही. मला ते मनापासून पटलं होतं, एवढं तरी खरं मान.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही कुंड्या चढवायला घेतल्या. वरची रांग भरली आणि सांगाडा पुढे झुकला. ओल्या मातीचं वजन मी धरलंच नव्हतं. सगळा जन्म कापड आणि थर्माकोल टांगण्यात गेला, माती किती जड असते ते मला कुठून कळणार. त्याच क्षणी तुला फोन करायला हवा होता. भिंत अर्धीच होईल, बाबाचा अंदाज चुकला, एवढंच सांगायचं होतं. तू चिडली असतीस आणि अर्ध्या भिंतीवर निभावून नेलं असतंस. पण ऑफिसात तुझी मान खाली जाईल, असं मी स्वतःला समजावलं. मान माझी जाणार होती, ठकू. मी कात्र्या मागवल्या. सगळी रोपं मातीलगत कापली आणि गोदामात पडलेल्या, फुलं खोचायच्या हलक्या फोमच्या विटांत खोचली. नर्सरीवाल्याला कळवलं, रोपं परत येणार नाहीत, विकत घेतली म्हणून समजा. भिंत इतकी देखणी झाली की हॉलचा मॅनेजर फोटो काढायला आला.

दुसऱ्या दिवशी तू त्या भिंतीपुढे उभी राहून बोललीस. मला पहिल्या रांगेत उठून उभं राहायला लावलंस. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मग तू म्हणालीस, नर्सरीवाल्याकडून आत्ताच कळलं, बाबांनी ही सगळी रोपं स्वतः विकत घेतली आहेत. तेव्हा जाताना प्रत्येकाने एक घरी न्या, त्यांच्याकडून भेट. माझं खोटं तुला माझी दानत वाटली. माझी पाचावर धारण बसली. लोक जेवायला गेले तेवढ्यात पडद्यामागे माणसं बसवून मी ती रोपं फोममधून काढली, पुन्हा कुंड्यांत खोचली, माती थापली. आणि दारात उभा राहून हसत हसत वाटली. तुझ्या छोटीला तर चांगली भरलेली कुंडी बघून दिली. घरी आल्यावर तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिने माझं पान वाढलं आणि ती उठून गेली.

लोक तुला विचारत असतील, रोप का सुकलं, आणि तू प्रत्येकाला ऊन-पाण्याचा सल्ला देत असशील. ते मी सोसलं असतं, इतका कोडगा झालो होतो. पण काल छोटी फोनवर आली. रडत होती. आजोबा, शाळेतून आल्यावर मी रोज पाणी घालत होते तरी ते मेलं, आई म्हणते पाणी जास्त झालं असेल. आता तिला दुसरं रोप नको आहे, म्हणते माझ्या हातून मरतात. आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, पुढच्या वेळी जरा कमी घाल, बाळा. फोन ठेवल्यावर मला माझीच किळस आली. मी रविवारी येतोच आहे, तुझ्या ऑफिसातही येऊन सांगतो. पण छोटीला तोवर थांबवू नकोस. हे वाचलंस की तिला जवळ घेऊन बस आणि ते रोप तिच्यासमोर उपट. टोक कात्रीने सरळ कापलेलं दिसेल. ते नीट बघू दे तिला. कुणी कापलं असं विचारलं, तर माझं नाव सांग.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
बाबा