समुद्रात म्हाताऱ्या झालेल्या गाड्या

प्रिय ठमे,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. मी धडधाकट आहे, गुडघा तेवढा रोज सकाळी माझ्याशी भांडतो. फोन सोडून ही पत्राची कटकट कशाला, असं तुला वाटेल. फोन लावला की तुझा बाप खुर्ची ओढून शेजारी येऊन बसतो, मग काय बोलणार मी, हवापाणी? चार यत्ता शिकलेली बाई आहे, अक्षर कोंबडीनं पाय पुसल्यासारखं येईल. मोठ्या हुद्द्यावर गेलीस म्हणून आजीचे ऱ्हस्व-दीर्घ तपासायचा अधिकार तुला कोणी दिलेला नाही.

मागे मला तुझी कचेरी दाखवायला नेलंस ना, ते काही केल्या डोक्यातून जात नाही. मला वाटलं होतं, अख्ख्या देशात बाहेरून येणाऱ्या गाड्यांवरचा कर जिथे ठरतो ती जागा म्हणजे निदान संगमरवरी जिना तरी असेल. बघते तर काय, एक लांबट खोली, पाणी उकळायची किटली, खिडकीत एक अर्धमेलं झाड, आणि तुम्ही चौघं एका पडद्यावर माना घालून अर्ध्या टक्क्यावरून भांडताय. झाडाला पाणी घालायची अक्कल चौघांत मिळून एकाला नव्हती, ते मी घातलं. मग विचारलं, अर्ध्या टक्क्याचं काय एवढं? तर तो तुमचा चष्मेवाला म्हणाला, आजी, खिडकीशी या, दाखवतो. आणि तू मला खालचा रस्ता वाचून दाखवलास. खरंच वाचून, पुस्तक वाचावं तसा. म्हणालीस, या आखूड नाकाच्या गाड्या इतक्या का दिसतात बघ, इंजीन जरासं मोठं झालं की कर एकदम उडी मारतो, म्हणून सगळे उडीच्या अलीकडचं इंजीन घेतात. तेवढ्यात खाली एक डॉक्टर माल वाहायच्या भल्या मोठ्या गाडीतून उतरला, गळ्यात नळी, हातात डबा. मला हसू आवरेना. तू म्हणालीस, मागे सामानाची जागा असली की ती मालाची गाडी धरतात आणि कर निम्मा होतो. त्या जागेत त्या माणसानं जन्मात एक पोतं टाकलं नसेल! पण रोज ती रिकामी जागा ओढत दवाखान्यात जातो आणि बायकोला सांगत असेल, आपली निवड बघ किती दमदार.

मी गजाला धरून उभीच राहिले. तुला वाटलं चक्कर आली, खुर्ची आणायला धावलीस. चक्कर नव्हती गं. हजारो घरांत नवरा-बायको भांडले असतील, रंगावरून रुसले असतील, दार उघडून-लावून बघितलं असेल, शेवटी हीच हवी म्हणाले असतील. आणि त्यांची ती ‘हीच’ त्यांच्या आधी त्या किटलीशेजारी ठरून गेली होती. देवळात इतकी वर्षं हात जोडले, पण अंगावर काटा आला तो तुमच्या त्या खोलीत.

घरी येऊन मग माझ्या लक्षात आलं, की माझा संसारसुद्धा असाच कोणी ठरवलेला होता. तुझे आजोबा बंदरावरून जुन्या गाड्या चालवत वर आपल्या गावापर्यंत आणायचे, हे तुला माहीत आहे. त्या गाड्या ज्या देशातून यायच्या तिथे रस्त्याच्या उलट्या अंगानं चालवतात. म्हणजे चालवणाऱ्याच्या हातातलं चाक उलट्या बाजूला. आपल्या रस्त्यावर चालवणारा बसणार गटाराच्या कडेला, आणि रस्त्याच्या मध्यावर बसणार शेजारचा. पुढे ट्रक आला की आजोबांना दिसायचं फक्त ट्रकचं ढुंगण. पुढून कोण येतंय ते दिसायचं मला. लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवलं आणि सांगितलं, तू बघ, मोकळं असलं की जा म्हण. मला गाडी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण मी जा म्हटलं की तो माणूस न बघता पाय दाबायचा. न बघता! घरात माझ्या मीठ टाकण्यावरही त्याचा भरवसा नव्हता, आणि घाटात माझ्या एका शब्दावर जीव टाकायचा. सरळ चाकाच्या गाड्यांवर कर जबर, उलट्या चाकाच्या जुन्या गाड्यांवर कमी, म्हणून सगळ्या गावानं उलट्या घेतल्या. म्हणून घरोघरच्या बायका पुढच्या सीटवर आल्या. सासूबाई मागे बसून नाकं मुरडायच्या, सून पुढे कशी म्हणून. त्यांना कोण सांगणार, की हे कुठल्यातरी कचेरीतल्या कागदाचं काम आहे?

आणि पुढे पुढे त्या गाड्या बोलायलाही लागल्या, ते सांगितलंय का तुला कधी? किल्ली फिरवली की एक बाई गोड आवाजात काहीतरी म्हणायची, त्यांच्या भाषेत. तिला आपण घाटात आहोत हे कळायचंच नाही. तिच्या नकाशावर आमची गाडी कायम समुद्रात उभी असायची, निळ्याशार पाण्याच्या मध्यभागी. आजोबा म्हणायचे, बघ, बुडालोय आपण, तरी ही बया उजवीकडे वळा म्हणत असेल. एकदा सीटखाली लहान मुलीचा केसांचा चाप सापडला होता. मी तो फेकला नाही, घातलाही नाही. परक्या घरच्या पोरीचा, काय करणार? घरी खिडकीत ठेवला, तो तिथेच गंजला.

पण मला सगळ्यात नवल वाटलं ते त्या अडकलेल्या जहाजाचं. गाडी सात वर्षांची व्हायच्या आत बंदराला लागली तर कर कमी, सात पुरी झाली की तिप्पट. म्हणून यायच्या त्या सगळ्या सहा सरून सातवं अर्धं उलटलेल्या, जणू एकाच मांडवातल्या नवऱ्या. एका वर्षी वादळ झालं आणि जहाज बंदराच्या तोंडाशी येऊन अडकलं. आजोबा, मी आणि बाकीचे ड्रायव्हर धक्क्यावर उभे. जहाज दिसतंय, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतंय, आणि आत गाड्या एकेक करून सात वर्षांच्या होताहेत. वादळ शमून त्या उतरल्या तेव्हा त्यांच्या अंगावर ओरखडा नव्हता. चाक एक फेरा फिरलं नव्हतं. काच चकाचक. पण म्हाताऱ्या झाल्या होत्या, पाण्यावर उभ्या उभ्या! कोणाला कर परवडेना. तिथेच कुंपणामागे राहिल्या. पुढे कैक वर्षं आम्ही बंदरावर गेलो की मी बघायची, गवत दारापर्यंत आलं, मग आरशापर्यंत. ज्याचा माल होता तो जाडा व्यापारी त्या दिवशी धक्क्यावर पोरासारखा बसून राहिला होता, त्याची बायको त्याच्या पाठीवर थापटत होती आणि तो म्हणत होता, काल आली असती तर, काल आली असती तर. आजोबा परतताना गाडीत म्हणाले, समुद्र नाही बुडवत माणसाला, तारीख बुडवते.

आता घरची बातमी. तुझ्या बापाचं गाड्यांचं आवार तू बघशील तर ओळखणार नाहीस. फाटकाला रंग दिलाय, नवी पाटी लावलीय, माती काढून खडी पसरलीय. या खेपेला त्यानं इतक्या गाड्या मागवल्यात जितक्या जन्मात मागवल्या नव्हत्या. सगळ्या उलट्या चाकाच्या, सगळ्या सात वर्षांच्या आतल्या. त्यात आवार गहाण गेलंय, घर गहाण गेलंय, तुझ्या आईच्या हातातलं गेलंय. जहाज निघालं आहे. रोज सकाळी चहाआधी तो फोनवर बघतो, ठिपका कुठे आला. मलाही दाखवतो, आई, बघ, इथे आहे. मी चष्मा लावून बघते. निळ्या पाण्यात एक ठिपका, त्यात आपलं घर.

आणि गावात कुजबुज आहे, की उलट्या चाकाच्या गाड्यांवरचा कर आता असा वाढणार, की त्या कोणी घेणारच नाही; आणि विजेवरच्या गाड्यांना माफी. सुटे भाग विकणारी बाई तर कपाळाला हात लावून बसलीय, तिचाही माल त्याच जहाजात आहे. परवा आवारात येऊन तुझ्या बापाला म्हणाली, तुमचं बरंय दादा, तुमची लेक वर बसलीय. तिनं टोमणाच मारला. तो हसला. पण त्या हसण्यात मला काहीतरी दिसलं.

कर वाढावा की नाही, ते मला विचारू नकोस. त्या घाटात जा म्हणायला शेजारी कोणी नसताना जिवानिशी गेलेली माणसं मी मोजलेली नाहीत, पण ओळखायची मात्र सगळ्यांना. आणि त्या गाड्या नसत्या तर या गावातल्या निम्म्या बाळंतिणी दवाखान्यात वेळेवर पोचल्या नसत्या, तुझी आईसुद्धा, म्हणजे तूसुद्धा. दोन्ही खरं आहे. त्यातून आकडा काढायचं काम तुमचं. एवढी मोठी गोष्ट आपल्या घरातल्या, नाक पुसता न येणाऱ्या पोरीच्या हातात आली, हेच मला अजून झेपत नाही.

तर आता मुद्द्याचं. हे पत्र मला तुझ्या बापानं लिहायला बसवलंय. म्हणाला, आई, फोनवर खोटं तिला लगेच कळेल, तू पत्रच लिही; तुझं ती मोडत नाही, तिला चार दिवस रजा काढून ये म्हण, माझी तब्येत बरी नाही असं लिही. मी विचारलं, तुझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? तर जमिनीकडे बघत म्हणाला, नवा कर कुठल्या तारखेला लागू होणार एवढंच विचारायचंय, तारीख कळली तर जहाज वाटेतूनच दुसऱ्या देशाच्या बंदराला वळवता येईल. वाईट माणूस नाही गं तो. आत्ता दाराबाहेर उभा आहे, पाकीट स्वतः टपालात टाकणार आहे, आणि आईचं पत्र उघडून बघणार नाही, इतका भला आहे. म्हणूनच भीती वाटते. असा माणूस समोर बसून विचारायला लागला तर त्याचा चेहरा तुला बघवणार नाही, तू सांगून मोकळी होशील, आणि मग त्या खोलीत तुला पुन्हा ताठ मानेनं बसता येणार नाही. सुटे भागवाल्या बाईची लेक तिथे बसलेली नाही, तिनं कोणाला विचारायचं? म्हणून ऐक. त्याची तब्येत ठणठणीत आहे. कर जाहीर होईपर्यंत तू घरी यायचं नाहीस. फोनवर मी रडले, पडले, मरायला टेकले असं कोणी सांगितलं तरी नाही. जहाज वेळेत लागलं तर बरंच झालं. नाही लागलं तर आम्ही भाड्याची खोली बघू, मी आणि तुझी आई काही आभाळातून पडलेल्या नाही. त्याला मी सांभाळते, पाठीवर थापटायला मला कोणी शिकवायला नको. तू फक्त कर जाहीर होईल त्या दिवशी तिथे तुझ्या जागेवर बस.

तुला घरी बोलवायला बसलेली आणि येऊ नको म्हणणारी,
तुझीच
आजी